लाइफ इन द यूके टेस्ट: शिवकालातल्या सनावळ्या अजून पाठ आहेत, ब्रिटिश इतिहास मात्र डोक्यात राहतच नाहीये

मुक्ता_कर्वेनगर:

नमस्कार मंडळी. मी सहा वर्षं लेस्टरला राहते, सध्या लेकीला सुट्टी आहे म्हणून तीन आठवडे पुण्यात माहेरी आलीये. परत गेल्या गेल्या लाइफ इन द यूके टेस्ट, म्हणजे तिथे कायम राहायला आणि नागरिकत्वाला लागणारी परीक्षा, द्यायची आहे आणि खरं सांगायचं तर धास्ती बसलीये, कारण पहिल्या वेळेला मी नापास झाले. नवरा पहिल्याच फटक्यात पास झाला, तो इंजिनियर, त्याला आकडे लक्षात राहतात. मला गोष्ट लागते, गोष्टीशिवाय सन माझ्या डोक्यात टिकत नाही. गंमत बघा, चौथीत शिकलेलं मला अजून धडाधडा येतं, अफझलखान १६५९, आग्र्याहून सुटका १६६६, राज्याभिषेक १६७४, झोपेतून उठवून विचारा. पण आठवा हेन्री कधी आणि सातवा कधी, पहिल्या चार्ल्सचं काय झालं आणि दुसऱ्याचं काय, दोन जेम्स, चार जॉर्ज, सगळा गुंता होतो.

दुसरं म्हणजे राज्यकारभाराचा भाग. तिकडे आपल्यासारखी एकाच पुस्तकात लिहिलेली राज्यघटना नाही, मग पंतप्रधान कुठल्या अधिकाराने पंतप्रधान असतो, राजाने नाही म्हटलं तर काय, हे मी वाचते आणि दुसऱ्या दिवशी विसरते.

आणि तिसरं, हे जरा मनातलं आहे. माझे आजोबा ४२ च्या चळवळीत येरवड्याला होते. ज्या टेबलावर बसून ते आम्हाला त्या गोष्टी सांगायचे त्याच टेबलावर बसून मी आता ब्रिटिश साम्राज्याचा धडा पाठ करतीये, शेजारी आई भाजी निवडत असते, ती काही बोलत नाही पण मला आतून कसंतरी होतं. कुणाला असं झालंय का? कसं निभावलंत?

रेडिंगकर:

मुक्ताताई, नापास झालात त्याचं अजिबात मनावर घेऊ नका, आमच्या ग्रुपमधले दोघं तिसऱ्या वेळी पास झाले. तुम्हाला बरंचसं माहीत असेल पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहितो. २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर आले की पास. फी ५० पौंड आणि दर वेळी नव्याने भरायची, नापास झाल्यावर पुन्हा द्यायला किमान ७ दिवस थांबावं लागतं, बुकिंग किमान ३ दिवस आधी. वय १८ ते ६४ असेल तर द्यावीच लागते. एकदा पास झालात की तो निकाल कायमचा, आयएलआरला, म्हणजे कायम राहण्याच्या परवानगीला, वापरला तोच पुढे नागरिकत्वाच्या अर्जाला चालतो, त्यामुळे तो रेफरन्स नंबर जपून ठेवा.

माझा अनुभव एवढाच की लोक मोबाइलवर फुकटच्या सराव परीक्षा देत बसतात, मी पण तेच केलं, आणि प्रश्न जरा वेगळ्या शब्दात आला की अडकायला होतं. अधिकृत हँडबुक एकदा गोष्टीच्या पुस्तकासारखं सलग वाचा, मग सराव करा. ज्या ओळखपत्रावर बुकिंग केलं तेच घेऊन जा आणि नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का बघा, आपल्याकडे वडिलांचं नाव मधे असतं त्याने घोळ होतो.

संतांचे चार दिवस हक्काचे मार्क आहेत, ते सोडू नका. वेल्सचा डेव्हिड १ मार्च, आयर्लंडचा पॅट्रिक १७ मार्च, इंग्लंडचा जॉर्ज २३ एप्रिल, स्कॉटलंडचा अँड्र्यू ३० नोव्हेंबर.

निवृत्त_मास्तर:

मुक्ता, तू माझ्या मुलीच्या वयाची असशील म्हणून अगं-तुगं करतो, राग मानू नकोस. मी पुण्यात ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. तू लिहिलंयस की शिवकालातलं अजून येतं, अगं मग तुझं निम्मं काम झालेलंच आहे आणि तुला ते कुणी सांगितलं नाही एवढंच. एक दोनशे पानी वही घे, मधे उभी रेघ मार, डावीकडे आपलं, उजवीकडे त्यांचं. आता माझ्याबरोबर चल.

जानेवारी १६४९, लंडनमध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. राजा विरुद्ध संसद असं यादवी युद्ध १६४२ पासून चाललं होतं, मूळ भांडण हे की संसदेला न विचारता राजाने कर बसवावेत का आणि कारभार हाकावा का. त्या वेळी आपल्याकडे शहाजीराजे आदिलशहाच्या कैदेत होते. म्हणजे एकीकडे एक मुलगा वडिलांना सोडवायच्या खटपटीत आहे आणि दुसरीकडे एका राजाला त्याचीच प्रजा वधस्तंभावर नेतीये. हे एकदा डोळ्यासमोर आलं की १६४९ विसरणार नाहीस.

मग संसदेच्या बाजूचा सेनानी क्रॉमवेल. १६५३ ला तो लॉर्ड प्रोटेक्टर झाला, १६५८ ला गेला, आणि मुलाला काही ते पेललं नाही. मे १६६० ला दुसरा चार्ल्स परदेशातून लंडनला परत आला तेव्हा महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते, पावनखिंड त्याच जुलैतली. म्हणून १६६० समोर पन्हाळा लिही.

१६६५ ला लंडनमध्ये प्लेगची मोठी साथ, इकडे जूनमध्ये पुरंदरचा तह. १६६६ ला सप्टेंबरच्या सुरुवातीला लंडनची प्रचंड आग, आणि ऑगस्टमध्येच महाराज आग्र्याहून निसटलेले. जळणाऱ्या लंडनची बातमी आणि महाराज निसटल्याची बातमी जगात एकाच सुमाराला फिरत होती असं मी वर्गात सांगायचो, पोरांना सन पाठ करायची वेळच यायची नाही. ह्याच दुसऱ्या चार्ल्सला पोर्तुगीज राजकन्येबरोबर मुंबई आंदण मिळाली आणि त्याने ती १६६८ ला ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिली. राज्याभिषेकाला रायगडावर आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन ह्याच कंपनीचा. म्हणजे १६७४ ला तिकडे राजा कोण, दुसरा चार्ल्स, पहिला नव्हे. गुंता सुटला का बघ.

आता १६८८-८९, हे सगळ्यात महत्त्वाचं. दुसरा जेम्स कॅथलिक होता, संसदेला डावलत होता, तेव्हा तिथल्या बड्या लोकांनी त्याचा जावई विल्यम, हॉलंडचा, त्याला बोलावलं. जेम्स फ्रान्सला पळाला. विल्यम आणि मेरीला गादी मिळाली पण अटी घालून, त्या अटी १६८९ च्या बिल ऑफ राइट्समध्ये लिहिल्या. संसदेच्या संमतीशिवाय कर नाही, शांततेच्या काळात संसदेला न विचारता सैन्य ठेवायचं नाही, संसदेतल्या बोलण्यावरून बाहेर खटला नाही. १६८९ समोर आपल्याकडे काय लिहायचं ते तुला सांगायला नको. मार्चमध्ये तुळापूर. तुळापूर तुमच्या घरून तासाभरावर आहे, लेकीला घेऊन जाऊन ये.

१७०७ ला मार्चमध्ये औरंगजेब नगरजवळ मेला आणि १ मे १७०७ ला इंग्लंड-स्कॉटलंड एक होऊन ग्रेट ब्रिटन झालं. आमच्याकडे एक सत्ता तुटायला लागली त्याच वर्षी तिकडे दोन राज्यं जुळली.

आणि १७२०-२१. थोरल्या बाजीरावांना १७२० ला पेशवाईची वस्त्रं मिळाली, १७२१ ला रॉबर्ट वॉलपोल पहिला पंतप्रधान समजला जातो. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ ची, आणि १७३२ लाच राजा दुसऱ्या जॉर्जने वॉलपोलला डाउनिंग स्ट्रीटवरचं घर देऊ केलं. त्याने ते स्वतःसाठी घेतलं नाही, त्या पदासाठी घेतलं, म्हणून आजही जो पंतप्रधान होतो तो १० नंबरात राहतो. बाजीराव १७४० ला गेले, वॉलपोल १७४२ ला पायउतार झाला.

बाकी उद्या लिहितो, डोळे दुखतात.

मुक्ता_कर्वेनगर:

सर, तुम्हाला कसं सांगू, मी रात्री साडेअकरा वाजता वही घेऊन बसलीये आणि आई पण शेजारी येऊन बसलीये, तीच मला डावी बाजू सांगतीये. पन्हाळा आणि दुसरा चार्ल्स हे आता मरेपर्यंत विसरणार नाही.

एक शंका. बाजीराव आणि वॉलपोल शेजारी शेजारी लिहिल्यावर असं वाटलं की पेशवा म्हणजे पंतप्रधानच ना, आपल्याकडे शब्दच मुळी पंतप्रधान. छत्रपती साताऱ्याला आणि कारभार पुण्यातून, तसंच राजा राजवाड्यात आणि कारभार डाउनिंग स्ट्रीटवरून. असं लक्षात ठेवलं तर चालेल का?

नारायणपेठी:

मुक्ताताई, मास्तरांची वही उत्तमच आहे, पण ही तुलना लक्षात ठेवताना एक मोठी खूण करा, नाहीतर तुमचा दुसरा प्रश्न तसाच राहील. मी वकिली करतो म्हणून हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

सुरुवातीला साम्य आहे. पहिला जॉर्ज जर्मनीतून आलेला, त्याला इंग्रजी फारसं येत नव्हतं, म्हणून मंत्र्यांवर भिस्त वाढली आणि त्यातून वॉलपोल मोठा झाला. पण बाजीरावांनंतर पेशवाई कुणाकडे गेली, मुलाकडे, नानासाहेबांकडे. वॉलपोल का गेला, तर कॉमन्स, म्हणजे संसदेच्या निवडून आलेल्या सभागृहात त्याच्या बाजूने मतं पडेनात म्हणून. सगळं तिथे आहे. पेशव्याचा आधार छत्रपतींची वस्त्रं आणि पुढे घराणं, आणि तिकडच्या पंतप्रधानाचा आधार कॉमन्समधलं बहुमत. बहुमत गेलं की राजा कितीही खूश असो, त्याला जावं लागतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. राजा पंतप्रधान नेमतो, पण नेमताना ज्याच्यामागे कॉमन्सचं बहुमत आहे त्यालाच नेमायचं हा पाळत आलेला संकेत आहे. राजा तिसरा चार्ल्स कायद्यावर सही करतो, नाकारत नाही, हाही संकेत. एका पुस्तकात घटना नाही ह्याचा अर्थ घटनाच नाही असा नाही, ती विखुरलेली आहे. राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणारी १२१५ ची सनद मॅग्ना कार्टा, १६७९ चा हेबियस कॉर्पस, १६८९ चं बिल ऑफ राइट्स, पुढचे मतदानाचे कायदे, कोर्टांचे निकाल आणि हे संकेत, सगळं मिळून घटना. आणि मुक्ताताई, हेबियस कॉर्पस आपण आपल्या घटनेत घेतलंय, ३२ व्या कलमात, आणि उच्च न्यायालयासाठी २२६ व्या. कुणाला बेकायदा कोंडलं तर त्याला कोर्टासमोर हजर करा, हा हुकूम मी स्वतः अर्ज करून मिळवलाय एका आईसाठी. तिचा मुलगा संध्याकाळी घरी आला तेव्हा १६७९ चा तो कायदा मला पहिल्यांदा खरा कळला.

तुम्ही लोकसभा पाहिलेली आहे, त्यामुळे कॉमन्स अवघड जायला नको. ६५० मतदारसंघ, प्रत्येकी एक खासदार, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून, आपल्यासारखंच. स्पीकर निवडून आल्यावर पक्ष सोडतो, हे मात्र आपल्याकडे नाही, ते नीट लक्षात ठेवा.

ग्लासगोची_सई:

मुक्ता, मी मूळची सहकारनगरची, आता अकरा वर्षं ग्लासगोत. इतिहास सरांनी सांगितला, मी आजचं सांगते, कारण आपले लोक टेस्टपुरतं पाठ करतात आणि मग दारात आलेला कागद कचऱ्यात टाकतात ते बघून मला खूप वाईट वाटतं.

तुला मत देता येतं, आत्ता, भारतीय पासपोर्टवर. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे आणि तुझा तिथे राहण्याचा व्हिसा वैध आहे, म्हणून कौन्सिलच्या निवडणुकीला पण आणि पार्लमेंटच्या निवडणुकीला पण. नागरिकत्वाची वाट बघायची गरज नाही, मतदार यादीत नाव घालायचं, ऑनलाइन पाच मिनिटांचं काम आहे. इंग्लंडमध्ये २०२३ पासून मतदानाला फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, आपला भारतीय पासपोर्ट चालतो. मी सात वर्षं हे न कळल्यामुळे मत दिलं नाही, आमच्या भागातली लायब्ररी कौन्सिलने बंद करायची ठरवली तेव्हा मी तक्रार करायला गेले आणि तिथल्या बाईंनी विचारलं की तुम्ही मत दिलंत का. त्या दिवशी घरी येऊन पहिलं काम नाव नोंदवलं.

यादीत नाव आलं की ज्युरीसाठी पण बोलावणं येऊ शकतं. इंग्लंड-वेल्समध्ये फौजदारी खटल्याला १२ जणांची ज्युरी, आमच्याकडे स्कॉटलंडमध्ये १५ जणांची. हा प्रश्न येतो.

आणि डिव्होल्यूशन, म्हणजे लंडनकडचे काही अधिकार खाली वाटून देणं. १९९९ पासून स्कॉटलंडला पार्लमेंट आहे, वेल्सला सेनेड, उत्तर आयर्लंडला असेंब्ली. आरोग्य, शिक्षण हे इथलं इथे ठरतं, म्हणून मला औषधाच्या चिठ्ठीला पैसे पडत नाहीत आणि तुला लेस्टरला पडतात. संरक्षण, परराष्ट्र, इमिग्रेशन वेस्टमिन्स्टरकडे, म्हणजे लंडनच्या पार्लमेंटकडे. आपल्या राज्यांसारखं वाटतं पण एक फरक आहे, महाराष्ट्राचे अधिकार घटनेत लिहिलेत, स्कॉटलंडचे वेस्टमिन्स्टरने कायदा करून दिलेत. इथल्या पार्लमेंटला मुलं १६ व्या वर्षी मत देतात, माझ्या भाच्याने दिलं, वेल्समध्ये सेनेडसाठी पण तसंच आहे.

एक शेवटचं, घरी शांतपणे बोलून ठेव. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. ब्रिटिश झालीस की भारतीय पासपोर्ट परत करायचा, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड. ओसीआयवर पुण्यात राहता येतं, फ्लॅट घेता येतो, पण भारतातल्या निवडणुकीत मत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. माझ्या बाबांना वाटलं होतं मुळशीकडचा तुकडा माझ्या नावावर घेऊ, तो विषय तिथेच संपला.

निवृत्त_मास्तर:

नारायणपेठींनी लावलेली दुरुस्ती बरोबर आहे, मी वर्गातही तो फरक सांगायला हवा होता. वहीत १७४२ समोर लाल शाईने लिही की मतं गेली म्हणून गेला.

उरलेलं पटकन सांगतो. १७७६ ला अमेरिकेतल्या १३ वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केलं तेव्हा इकडे इंग्रज आणि मराठे पहिल्या युद्धात गुंतलेले, आपला सालबाईचा तह १७८२, अमेरिकेचं स्वातंत्र्य इंग्रजांनी मान्य केलं १७८३. १८०३ ला दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसवायला जो आर्थर वेलस्ली पुण्यात आला आणि सप्टेंबरात असईला शिंदे-भोसल्यांशी लढला, तोच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन, १८१५ ला वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा आणि १८२८ ला पंतप्रधान झालेला. वॉटर्लूनंतर तीन वर्षांनी, १८१८ ला, पेशवाई संपली. व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१, आणि तिच्या हीरकमहोत्सवाची रात्र, २२ जून १८९७, पुणेकराला वेगळी सांगायला नको. गणेशखिंडीतल्या ज्या वास्तूतून रँड परतत होता तिथे आज आपलं विद्यापीठ आहे.

स्त्रियांच्या मताचे दोन सन माझ्या बायकोने सांगितले, तिचंच लिहितो. १९१८ ला तीसच्या वरच्या बायकांना आणि तेही मालमत्तेच्या अटीवर, १९२८ ला पुरुषांच्या बरोबरीने २१ व्या वर्षी, आणि १९६९ पासून सगळ्यांनाच १८ व्या वर्षी. एमेलिन पँकहर्स्ट आणि तिच्या बायकांनी त्यासाठी तुरुंगात उपास केले. आपल्याकडे १९५० च्या घटनेने सगळ्यांना एकदम दिलं, बायकांना वेगळं थांबावं लागलं नाही, हे ती दर वेळी आवर्जून सांगते.

आता तुझ्या आजोबांबद्दल. मी ह्यावर दोन दिवस विचार केला. गोपाळराव गोखले १८९७ ला भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला लंडनला गेले, तेव्हा त्यांनी इंग्रजांचेच आकडे त्यांच्यासमोर ठेवले. दादाभाई नौरोजी १८९२ ला फिन्सबरीतून कॉमन्समध्ये निवडून गेले आणि भारतातून पैसा कसा ओढला जातोय ते तिथे उभं राहून मांडलं. टिळक १९१८-१९ ला तिकडे होते आणि पार्लमेंटच्या समितीपुढे बोलले. ह्या तिघांनी ती व्यवस्था आतून बाहेरून जाणली होती, तिच्या नियमांनीच तिला जाब विचारला. आणि साम्राज्यातून कॉमनवेल्थमध्ये जाणं बहुतेक सुरळीत झालं अशा अर्थाचं जे वाक्य त्या हँडबुकात आहे त्याने तुला टोचलं असेल, तर तू एकटी नाहीस, २०२० ला ब्रिटनमधल्याच शंभराहून जास्त इतिहासकारांनी गुलामगिरी आणि साम्राज्याबद्दलचा तो भाग दुरुस्त करा असं खुलं पत्र होम ऑफिसला लिहिलं. परीक्षेत जे विचारतील त्याचं उत्तर दे, आणि वहीच्या डाव्या बाजूला १९४२ समोर आजोबांचं नाव लिही. त्याच वर्षी डिसेंबरात तिकडे सामाजिक सुरक्षेबद्दलचा बेव्हरिज अहवाल आला, ज्यातून १९४८ ला एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, उभी राहिली. दोन्ही तुझ्या लेकीच्या वाट्याला आलेलं आहे.

मुक्ता_कर्वेनगर:

सर, आजोबांचं नाव आईने स्वतःच्या हाताने लिहिलं. मग ती उठून आत गेली आणि आजोबांचा ताम्रपट घेऊन आली, मी तो इतक्या वर्षांत नीट वाचलाच नव्हता.

काल लेकीला घेऊन शनिवारवाड्यात गेले होते. तिला म्हटलं हे आणि डाउनिंग स्ट्रीटचं घर एकाच वर्षातलं, तर ती म्हणाली की मग तिकडे पंतप्रधान अजून राहतो आणि इथे कुणी का नाही राहत. मी तिला नारायणपेठींचं लाल शाईचं वाक्य सांगितलं, जमेल तसं.

सई, परत गेल्यावर मतदार यादीचं पहिलं करते. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर त्यालाही माहीत नव्हतं, सहा वर्षं!

सर, वही जवळजवळ भरली, फक्त १७४६ समोर डावी बाजू रिकामी आहे. कलोडनची लढाई, जॅकोबाइट, म्हणजे पळालेल्या दुसऱ्या जेम्सच्या घराण्याचे पाठीराखे, हरले, एवढंच उजवीकडे लिहिलंय. इकडे काय लिहू?

निवृत्त_मास्तर:

१७४६, सप्टेंबर, फ्रेंचांनी इंग्रजांकडून मद्रास घेतलं, दोन वर्षांनी तहात परत दिलं. आणि कलोडनला हरलेल्या जॅकोबाइटांची भिस्त कुणाच्या मदतीवर होती, तर फ्रान्सच्याच. दोन्ही बाजूंना फ्रेंच लिही आणि मधे बाण काढ.